माझगावचा रस, भांबुर्ड्याचा घोडा

पुण्यात शिवाजीनगरच्या मिलिटरी शाळेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथं गेलेला माणूस मान वर करून महाराजांच्या चेहऱ्याकडे बघतो. मी आधी घोड्याच्या घोट्यांकडे बघतो. चाळीस वर्षं ओतकाम केलं, त्याची ही खोड. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा, आठेक टनांचा ऐवज, आणि सगळा भार शेवटी त्या बारीक घोट्यांवर.

कामाला लागलो तेव्हा वस्ताद पहिल्याच रविवारी मला इथं घेऊन आले. म्हणाले, "बघ, कुठं जोड दिसतो का." मी अर्धा तास प्रदक्षिणा घातली. जोड काही दिसला नाही. तेव्हा ते म्हणाले, "एका ओतात केलाय. आता उद्यापासून भट्टी झाडायला ये."

एका ओतात म्हणजे काय, हे कळायला मला दहा वर्षं लागली. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, ढोबळ मानाने नऊला एक. शिल्पकार आधी मातीत काम करतो. मातीवरून प्लास्टरचा साचा निघतो. आमच्या पद्धतीत त्या साच्यात आतून बोटभरापेक्षा कमी जाडीचा मेणाचा थर देतात आणि मधल्या पोकळीत गाभा भरतात. साचा काढून बाहेरून मातीचं जाड कवच. मग सगळं भट्टीत शेकायचं. मेण वितळून निघून जातं आणि जिथं मेण होतं तिथं पोकळी राहते. त्या पोकळीत हजारेक अंशांना तापलेला रस सोडायचा. म्हणजे पुतळा भरीव नसतोच, आतून पोकळ असतो.

सांगायला सोपं. पण रस आत शिरतो तेव्हा आतली हवा बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर बुडबुडे अडकून अंगाला भोकं पडतात. पातळ जागी रस आधी थिजतो आणि पुढची वाट बंद करतो. जाड जागी तो सावकाश निवतो, आटतो आणि खड्डा पडतो. एकदा एका पुढाऱ्याच्या पुतळ्यात माझा रस कोपरापाशीच थिजला. कवच फोडलं तर हात कोपरापर्यंतच! म्हणून आम्ही सोयीचं करायचो. धड वेगळं, पाय वेगळे, डोकं वेगळं ओतायचं, मग वेल्डिंग मारायचं आणि कानशीनं घासून जोड लपवायचा. यात लाज नाही, बहुतेक मोठे पुतळे असेच होतात. पण घोडा आणि स्वार मिळून एकाच ओतात काढायचे, तर मुशींमागून मुशी तयार हव्यात आणि धार तुटता कामा नये. तुटली की तिथं कायमची रेघ.

हे धाडस विनायक पांडुरंग करमरकरांचं. जन्म १८९१चा, गाव अलिबागजवळचं सासवणे. घरात गणपती घडवायचे, त्यामुळे माती लहानपणीच हाताला लागलेली. पोरानं गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी पोराला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडायची व्यवस्था केली. पुढं कलकत्त्यात काम, मग युरोपात शिक्षण.

पुतळ्याची कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली. सहा महिन्यांत शाहू महाराज गेले. काम त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी तडीस नेलं. हा पुतळा ओतला गेला तो मुंबईत माझगावच्या गोदीत. त्याच मुंबईतला काळा घोडा आणि त्यावरचा राजपुत्र विलायतेतल्या शिल्पकारानं घडवलेला. शिवाजी महाराजांचा घोडा मात्र सासवण्याच्या हातानं घडवला आणि त्याचा रस माझगावात तापला.

वस्तादांना याहून नवल वाटायचं ते तारखांचं. ओतकाम जून १९२८च्या आरंभी आणि गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते अनावरण १६ जूनला. म्हणजे कवच फोडणं, गाभा उकरणं, रसाच्या-हवेच्या नळ्या कापणं, छिन्नी-कानशीनं साफसफाई, घाट चढून पुण्याला आणणं आणि चौथऱ्यावर बसवणं, सगळं जेमतेम पंधरवड्यात. आमच्याकडं बसक्या अर्धपुतळ्याच्या नुसत्या घासकामाला तेवढे दिवस जायचे. ओत फसला असता तर दुसरा करायला दिवसच उरले नव्हते.

निवृत्त झाल्यावर मी सासवण्याला जाऊन आलो. गेटवेहून लाँचनं मांडवा, तिथून रिक्षा. करमरकरांचं घर आता शिल्पालय आहे. खोल्यांमधून माणसं बसावीत तशी शिल्पं आहेत. शंख फुंकणारी बाई आहे, तिचे गाल मी बराच वेळ बघत राहिलो. बाहेर म्हैस आहे. घोड्याला निदान राजाचा मान असतो, म्हशीला कोण घडवतं? पण तिच्या पाठीचा कणा, पोटाचा लोंबता भार बघितला आणि मला पुण्यातल्या घोड्याचे घोटे आठवले. वजन कुठून येतं आणि कुठं उतरतं, हे या माणसानं गोठ्यात उभं राहून बघितलं असणार. तेवढं ठाऊक असल्याशिवाय आठ टन घोट्यांवर सोडायची छाती होत नाही.

परतताना मांडव्याच्या धक्क्यावर मनात आलं, गणपतीची माती दरवर्षी पाण्यात जाते. यंदा सोंड वाकडी झाली, तर पुढच्या वर्षी सरळ करता येते. माती माफ करते. धातू नाही करत. मातीच्या घरात वाढलेल्या माणसानं ज्याला दुरुस्ती नाही असं काम अंगावर घेतलं, तेही दिवस मोजके असताना.

अजूनही पावसाळ्यात एकदा तिथं जातो. फसलेला जोड पावसात पाणी धरतो आणि हिरवट रेघ सोडतो. चष्मा पुसून मी शोधतो. वस्तादांनी दिलेलं काम अजून चालू आहे.