कॉलेजात फुटबॉल खेळता? मग सर्टिफिकेट कुठलं कामाचं ते आधी समजून घ्या

नाशिक : कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळलेल्या पोरांच्या फायलीत दोन-तीन प्रमाणपत्रं सहज असतात. भरतीची जाहिरात निघाली की ती बाहेर काढली जातात आणि तेव्हा कळतं, की यातलं एकही चालत नाही. अडतं ते पातळीवर.

देशपातळीवरची पुरुषांची आंतरविद्यापीठ फुटबॉल स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, घेतो. तिथं कॉलेज खेळत नाही, विद्यापीठ खेळतं. विजेत्याला मिळणाऱ्या चषकाला कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले सर आशुतोष मुखर्जी यांचं नाव आहे. देशाचे चार विभाग पाडलेत. आपण पश्चिम विभागात. सोबत गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश. प्रत्येक विभागातले पहिले चार, असे १६ संघ पुढच्या अखिल भारतीय फेरीत जातात.

आता गावाकडच्या पोराचा रस्ता. जिल्ह्यातली बहुतेक आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. पोरगा कळवणचा असो की येवल्याचा, आधी नाशिक विभागातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय. तिथं पुणे शहर, पुणे जिल्हा आणि अहिल्यानगरच्या पोरांशी गाठ पडते. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात. मेडिकल, नर्सिंगवाल्यांचं वेगळं. त्यांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, मुख्यालय नाशिकलाच, पण खेळाडू राज्यभरातले.

वय १ जुलैला १७ ते २५ च्या आत हवं आणि शिक्षण पूर्णवेळ हवं. अकरावी-बारावी, आयटीआय किंवा तंत्रशिक्षण मंडळाचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करणाऱ्यांना इथं जागा नाही, कारण त्यांची परीक्षा विद्यापीठ घेत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातल्या गट 'क' च्या नोकऱ्यांसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाकडून खेळलेला खेळाडू पात्र धरतात. फुटबॉल त्या यादीत आहे. त्यासाठी ठरलेला नमुना आहे, फॉर्म-३. त्यावर सही लागते विद्यापीठाच्या क्रीडा प्रमुखांची. कॉलेजच्या प्राचार्यांची चालत नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्याचे निकष वेगळे आहेत आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. दोन्हींची गल्लत करू नका.

खरी अडचण वेळेची. कॉलेजच्या स्पर्धा साधारण पावसाळ्यात अन् त्यानंतर लागतात. तेव्हाच टोमॅटोची तोडणी असते, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची गोडी छाटणी. घरचं काम सोडून पोराला मैदानावर पाठवणं सोपं नाही, पण ज्याचं नाव पात्रता अर्जात वेळेत गेलं नाही, त्याला तो हंगाम खेळता येत नाही. म्हणून ॲडमिशन झाल्याच्या आठवड्यातच कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना गाठा. बारावीची मार्कशीट, जन्मतारखेचा पुरावा, फोटो सोबत ठेवा. कॉलेजचा संघ पहिल्याच सामन्यात बाद झाला तर निवड चाचणीला जाता येतं का, तेही त्यांनाच विचारून ठेवा.