आईच्या शेजारची जागा

एस. टी. फलाटाला लागण्यापूर्वींच खिडकींतून रुमाल, पिशवी, प्रसंगीं घरांतील धाकटें पोरही आंत सोडून जागा धरण्याची विद्या आमच्या पिढीनें लहानपणींच हस्तगत केली होती. ही विद्या विमानांत पुनः दृष्टीस पडेल असें मात्र आम्हांला स्वप्नांतही वाटलें नव्हतें. 2024 च्या उन्हाळ्यांत कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयतां टेक्सस प्रांतांत गेलों होतों. तेथें डलासहून निघणाऱ्या एका विमानांत शिरतों तों पुढच्याच रांगेंतील एका सुविद्य दिसणाऱ्या बाईनें मधल्या आसनावर आपलें जाकीट पसरलें होतें, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती नुसत्या नजरेनें 'येथें कोणी यावयाचें आहे' असें सांगत होती. आमची सौ. हळूच म्हणाली, "अहो, हें तर आपलें स्वारगेटच झालें !"

तें विमान साउथवेस्ट कंपनीचें होतें. या कंपनीचीं विमानें 18 जून 1971 रोजीं डलास, ह्यूस्टन व सॅन अँटोनियो या तीन शहरांच्या दरम्यान उडूं लागलीं, आणि पुढें पन्नासांहून अधिक वर्षें तिनें आपल्या उतारूंना आसनाचा क्रमांक म्हणून दिला नाहीं. आंत जावें, रिकामी दिसेल त्या जागीं बसावें, एवढाच नियम. यामागें समतेचें तत्त्वज्ञान वगैरे कांहीं नव्हतें. 1972 सालीं कंपनीला आपल्या चार विमानांपैकीं एक विकावें लागलें, आणि उरलेल्या तिघांकडून चौघांचें काम करून घेण्यासाठीं उतरलेलें विमान दहा मिनिटांत पुनः उडविण्याचा तिनें प्रघात पाडला. अशा घाईंत ज्याला स्वतःचा आंकडा शोधावयाचा नसतो तो मनुष्य चटकन् टेकतो. पाटावर नांव लिहिलेलें नसलें म्हणजे पंगत लवकर बसते, हें ज्यानें एकदां तरी लग्नकार्यांत वाढप केलें आहे त्याला सांगावयास नको. आपल्याकडेही 2003 सालीं निघालेली कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन कंपनी आरंभीं याच चालीनें उतारू बसवीत असे, हें कित्येक वाचकांना आठवत असेल.

परंतु पंगतीला बसतांना आई आपल्या लेंकराला बरोबर घेऊनच पाटावर बसते. विमानांत तें कसें साधावें ? साउथवेस्टनें 2007 पासून उतारूंच्या ए, बी व सी या प्रत्येक गटांत साठपर्यंत क्रमांक दिले आणि त्या क्रमानें लोकांना खांबांच्या कडेनें उभें करूं लागली. विमान सुटण्यापूर्वीं बरोबर चोवीस तासांनीं जो मोबाईलवर आपली नोंद करील त्याला वरचा क्रमांक मिळे. तेव्हां घरोघर मंडळी घड्याळाकडे डोळे लावून बसत. 2009 पासून थोडे डॉलर अधिक भरणाऱ्यांची नोंद कंपनी आपण होऊन करूं लागली. त्याआधीं लेंकुरवाळ्यांना सर्वांच्या पुढें आंत सोडीत असत. 2007 सालीं त्यांना ए गटाच्या मागें व बी गटाच्या पुढें जागा मिळाली, आणि आम्ही गेलों त्या सुमारास तीही मूल सहा वर्षांचें वा त्याहून लहान असेल तरच.

ही योजना वाटते तितकी निर्दय नव्हती. विमानाच्या प्रत्येक ओळींत वाटेच्या दोहों बाजूंना तीन तीन आसनें असतात, आणि मोठ्या विमानांत एकंदर 175 उतारू मावतात. पहिले साठ जण बहुधा खिडकीच्या नाहीं तर वाटेकडच्या जागा घेतात, आणि तेंही पुढच्या भागांत, कारण प्रत्येकाला उतरावयाची घाई. तेव्हां लहान मुलांची आई आंत येते त्या वेळीं मागच्या ओळीच्या ओळी मोकळ्या असतात. आमची नात पांच वर्षांची असल्यामुळें आम्हां सर्वांना शेवटून चौथ्या ओळींत एकत्र जागा मिळाली, सौ.ला तर शौचकूप जवळ असल्याचाच अधिक आनंद झाला. खरी अडचण सात वर्षांच्या पुढच्या मुलांची. तीं सी गटांत सांपडलीं म्हणजे मधल्या जागा तेवढ्या उरलेल्या, आणि त्याही विखुरलेल्या.

त्या दिवशीं अगदीं शेवटीं एक बाई दोन मुलांना घेऊन धांवतच आली. मुलगा सात-आठ वर्षांचा, मुलगी त्याहून थोडी मोठी. तीन जागा उरल्या होत्या त्या तीन निरनिराळ्या ओळींत. बाई वाटेंत उभी राहिली. तिनें कोणाजवळ कांहीं मागितलें नाहीं, नुसती डोळ्यांनीं जागा मोजीत होती. आमच्या पुढच्या ओळींत मधली जागा रिकामी होती. खिडकीशीं बसलेला एक धिप्पाड गृहस्थ उठला, आपली टोपी उचलली आणि मागें दोन लठ्ठ माणसांच्या मध्यें जाऊन बसला. त्याचें पाहून वाटेकडच्या जागेवरील विद्यार्थिनीही उठली. आई व मुलें एका ओळींत बसलीं. कोणीं भाषण केलें नाहीं, कोणीं टाळ्या वाजविल्या नाहींत, विमान सुटलें.

याच्या उलट प्रकार आमच्या पुतण्यास स्वदेशींच अनुभवावा लागला. ही गोष्ट 2022 सालची. कंपनीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. नवरा, बायको व चार वर्षांचा मुलगा अशा तिघांना यंत्रानें तीन ठिकाणच्या जागा दिल्या, आणि एकत्र बसावयाचें तर अधिक पैसे भरा असें सुचविलें. पुतण्या तत्त्वाचा माणूस, भरीना. आंत गेल्यावर सूनबाईनें शेजारच्या गृहस्थांस जागा बदलण्याची विनंति केली, तेव्हां त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें कीं, "ताई, या जागेचे मीं वेगळे पैसे मोजले आहेत." मुलगा रडूं लागल्यावर विमानांतील सेवकांनीं धांवपळ करून कशीतरी सोय लावली. आम्हांला त्या गृहस्थांचा राग येत नाहीं. टोपीवाल्या अमेरिकनापेक्षां ते मनानें लहान होते असेंही नाहीं. पहिल्याची जागा केवळ त्यानें आधीं गांठलेली होती. दुसऱ्याची त्यानें विकत घेतलेली होती. गांठलेली जागा सोडतांना मनुष्य उदार होतो, विकत घेतलेली सोडतांना त्याला आपण फसलों असें वाटतें. आणि ज्या कंपनीनें ती विकली ती या दोघांच्या भांडणांत कोठेंच उभी नसते !

आईशेजारीं मूल बसणें ही केवळ मायेची गोष्ट आहे असें कोणी समजूं नये. विमानांतील हवेचा दाब कमी होऊन वरून प्राणवायूचा मुखवटा खालीं आला, तर मोठ्यानें आधीं स्वतःचा लावून मग मुलाचा लावावा अशी सूचना प्रत्येक उड्डाणापूर्वीं देतात. मूल बारा ओळी पलीकडे असेल तर त्याचा कोणीं लावावा ? विमान घाईनें रिकामें करण्याची वेळ आली तर सर्व लोक दाराकडे लोटत असतां बाप उलट दिशेनें मुलाकडे धांवणार, हें सांगावयास शास्त्रज्ञ नको. इंग्लंडच्या नागरी विमान-अधिकाऱ्यांनीं याच कारणास्तव असें सांगून ठेवलें आहे कीं, मूल शक्य तों मोठ्या माणसाच्याच ओळींत असावें, आणि तें न साधल्यास एका ओळीहून अधिक अंतर पडूं नये.

आपल्या सरकारच्या विमान-वाहतूक महासंचालनालयानें एप्रिल 2024 मध्यें कंपन्यांना आज्ञा केली कीं, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पी. एन. आर. वर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकीं वा पालकांपैकीं निदान एकाच्या शेजारीं जागा द्यावी. यांतील 'एकाच पी. एन. आर. वर' हे शब्द आमच्या वाचकभगिनींनीं नीट ध्यानांत ठेवावे. सवलत साधण्यासाठीं नवऱ्याचें तिकीट एकीकडून व माय-लेंकरांचें दुसरीकडून काढण्याची चाल सर्रास आहे. तीमध्यें मुलाचें तिकीट ज्याच्या बरोबर निघेल त्याच्याच शेजारीं तें बसेल. अमेरिकेंत 2016 च्या कायद्यानें तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा हा प्रश्न तेथील वाहतूक-खात्याकडे सोंपविला. 2023 सालीं त्या खात्यानें कोणती कंपनी अधिक पैसे न घेतां मुलाला पालकाशेजारीं बसविण्याची लेखी हमी देते याची यादी लोकांपुढें मांडली, आणि 2024 च्या ऑगस्टांत त्याविषयींच्या नियमाचा मसुदाही काढला.

इकडे मोकळ्या पंगतीही उठत गेल्या. युरोपांत ईझीजेटनें 2012 सालीं व रायनएअरनें 2014 सालीं आसनांना क्रमांक दिले. साउथवेस्टनें 2024 च्या जुलैंत जाहीर केलें कीं, आपल्या उतारूंपैकीं शेंकडा 80 जणांना ठरलेली जागा हवी आहे. आणि 27 जानेवारी 2026 पासून तीही कंपनी क्रमांक देऊं लागली. सर्वांत स्वस्त तिकिटावर कंपनी देईल ती जागा; आपण निवडावयाची तर दाम अधिक. मुलांच्या आईला आतां चोवीस तास आधीं घड्याळ पाहत बसण्याचें कारण उरलें नाहीं, ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनानें चांगली म्हणतों.

मात्र एका व्यक्तीचा विचार या नियमांत आम्हांला दिसला नाहीं, ती म्हणजे आजी. मुलीच्या बाळंतपणासाठीं किंवा नातवंडें सांभाळण्यासाठीं आपल्याकडील किती स्त्रिया वर्षोंवर्षीं अमेरिकेस जातात ! बारा वर्षांचें मूल इंग्रजींत पाणी मागूं शकतें. आमची सौ. मागें एकदां आमच्यापासून दूर, दोन परक्यांच्या मध्यें बसली, आणि 'बर्फ नको, नुसतें पाणी द्या' एवढें बोलण्याच्या संकोचानें तीन तास तहानलेली राहिली. उतरल्यावर हें कळलें तेव्हां आमची कन्या तिच्यावर रागावली, आणि मग स्वतःच रडली.

गेल्या महिन्यांत कन्येचा फोन आला. पुढच्या खेपेचीं तिकिटें तिनें काढलीं आहेत; आजीची जागा नातीच्या शेजारीं, तिचे वेगळे पैसेही भरून झाले आहेत. किती भरले तें तिनें सांगितलें नाहीं. सौ.नें विचारलें, "मग आतां रुमाल नको ना घ्यावयाला ?"