फॉस्टर पालक व्हायचंय? आधी हे ऐका

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)



दत्तकावर बोललो तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. दत्तक नाही, पण अडचणीतल्या एखाद्या मुलाला काही वर्षं आपल्या घरात ठेवता येतं का? येतं. पण नुसतं मन मोठं असून भागत नाही. का, ते आज बघू.

मुद्दा पहिला: हे नेमकं आहे काय?

समजा, तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. घरात रोजची मारहाण. एक दिवस तो गाडीत बसतो आणि नागपूर स्टेशनवर उतरतो. पोलिसांना सापडतो. कायद्याप्रमाणे 24 तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. लगेच घरी पाठवणं धोक्याचं असेल तर समिती त्याला बालगृहात ठेवते. पण दुसराही रस्ता आहे. बाल न्याय कायदा 2015, कलम 44. समिती त्याला एखाद्या कुटुंबात ठेवू शकते. हेच फॉस्टर केअर, सरकारी भाषेत प्रतिपालकत्व.

दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं. इथे तसं नाही. त्याचे आई-वडील असू शकतात, समितीची हरकत नसेल तर ते भेटायला येऊ शकतात, आणि परिस्थिती सुधारली तर मूल परतही जातं. तुमच्या घराची दर महिन्याला पाहणी व्हावी, असंही कायदा सांगतो.

मुद्दा दुसरा: कोणाला करता येतं?

केंद्राच्या 2024 च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी दार बरंच उघडलंय. विवाहित जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर हवा. आणि आता 35 वर्षांवरच्या एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, मग ती अविवाहित असो, विधवा असो की घटस्फोटित. एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगाच ठेवता येतो. मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल, तर दोन वर्षांनंतर तेच कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकतं. आधी ही अट पाच वर्षांची होती. मिशन वात्सल्यमधून मुलासाठी महिन्याला 4000 रुपयांची तरतूद आहे. चौकशी करायची ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात.

मुद्दा तिसरा: मूल घरी आलं. आता?

खरी गोष्ट इथून सुरू होते.

पहिले काही दिवस तो एकदम शहाण्यासारखा वागेल. तुम्ही म्हणाल, अरे वा, सोपं आहे की! मग उशीखाली पोळ्या सापडतील. पाकिटातले पन्नास रुपये जातील. साध्या गोष्टीवर खोटं बोलेल. भांडं पडल्याचा आवाज झाला तरी दचकेल, नाहीतर अंगावर येईल. तुम्हाला वाटेल, एवढं केलं आणि याला काही किंमतच नाही!

पण त्याच्या बाजूने बघा. आजवर ज्या मोठ्या माणसावर विश्वास टाकला, त्यानेच हात उगारला किंवा हात सोडला. तुम्हीही कधी ना कधी सोडणारच, हे त्याने धरून ठेवलंय. कधी, एवढंच तो तपासतोय.

म्हणून 'परत पाठवून देईन' हे वाक्य धमकी म्हणूनही तोंडातून काढायचं नाही. पोळ्या लपवतो? ओरडू नका. त्याच्या नावाचा एक डबा ठेवा, कधीही उघडता येईल असा. नियम दोन-तीनच ठेवा. मोडले तर काय होईल ते आधीच सांगा, आणि तेवढंच करा. शिक्षा छोटी ठेवा, मारहाण तर अजिबात नाही. त्याच्या आई-बाबांना नावं ठेवू नका. आणि समुपदेशक आपल्या घरासाठीही आहे, हे विसरू नका.

हे सगळं एकट्या पालकाला झेपत नाही, हे अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये 1983 पासून सुरू झालेल्या कामातून दिसतं. पॅट्रिशिया चेंबरलेन यांच्या या पद्धतीत, गुन्ह्यांत अडकलेल्या मुलांना संस्थेऐवजी प्रशिक्षित कुटुंबात ठेवतात, साधारण एका घरात एकच मूल. पालकांना कार्यक्रमाकडून नियमित फोन येतो: कालपासून काय काय झालं? रात्री-अपरात्री मदत मागायलाही माणूस असतो. आपल्या कलम 44 मध्ये असा उपचाराचा वेगळा प्रकार नाही. म्हणून अर्ज करतानाच विचारा: समुपदेशक कोण? अडचण आली तर फोन कोणाला करायचा?

मुद्दा चौथा: टिकून राहणं

टिकणं म्हणजे काय, ते बघायला लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत, 2024 चे पद्मश्री. ते बालगृह चालवतात, म्हणजे हे काही फॉस्टर केअर नाही. पण टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना त्यांनी बाप म्हणून आपलं नाव दिलं. आणि अठरा वर्षं झाली की संस्थेबाहेर काढायचं, हा नियम अशा मुलांना लावू नका, ही मागणी त्यांनी सोडलेली नाही. त्यांची दृष्टिहीन लेक माला एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली.

तुमचं वय पस्तिशीच्या आत असेल तर?

1098 हा नंबर सेव्ह करा. स्टेशनवर एकटं मूल दिसलं तर फोन करा. आणि नात्यातलं, शेजारचं एखादं पोर भरकटतंय असं वाटलं, तर दर रविवारी तासभर त्याच्यासोबत बसा. पण जमेल तेवढंच कबूल करा. दोन रविवार जाऊन गायब होणार असाल, तर नका जाऊ. त्याने असं खूपदा बघितलंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.