शंख आणि गवताचे पाते

शाळेत घंटा झाली की जीवशास्त्राचे पुस्तक मिटते व पदार्थविज्ञानाचे उघडते. निसर्गाला मात्र ही घंटा ठाऊक नाही. एखाद्याची श्रवणशक्ती गेली, तर तो प्रश्न वैद्यकाचा, यंत्रशास्त्राचा की मेंदूच्या अभ्यासाचा? तो तिन्हींचा आहे, हे कर्णरोपणाच्या कथेवरून दिसून येते.

आपल्या कानाच्या अंतर्भागात शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची एक इवलीशी नळी असते. तिच्यातील केसाळ पेशी ध्वनिकंपनांचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करतात व श्रवणतंतू ते संदेश मेंदूकडे नेतात. उंच स्वरांची जागा नळीच्या मुखापाशी, तर खालच्या स्वरांची तिच्या टोकाशी. या नळीतील कंपनांचा उलगडा केल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते होते पदार्थवैज्ञानिक; पण पारितोषिक मिळाले वैद्यकाचे!

केसाळ पेशी नष्ट झाल्या तरी श्रवणतंतू पुष्कळदा शिल्लक राहतात. मग त्यांनाच विजेने जागृत केले तर? 1957 साली पॅरिसमध्ये जूर्नो व एरिएस यांनी तसा प्रयोग केला. रुग्णाला आवाजाची जाणीव झाली, परंतु बोलणे स्पष्ट उमगेना. त्यासाठी नळीत निरनिराळ्या ठिकाणी अनेक विद्युदग्रे पोहोचविणे आवश्यक होते.

ऑस्ट्रेलियातील शल्यवैद्य ग्रॅम क्लार्क यांनी हा ध्यास घेतला. त्यांचे वडील औषधविक्रेते होते व त्यांना कमी ऐकू येई. त्यामुळे बहिरेपणाचे दुःख क्लार्क यांनी घरातच पाहिले होते. नाजूक नळीला इजा न करता तार आत वळवावी कशी, हे कोडे मात्र सुटेना. 1977 साली सागरकिनारी एक शंख त्यांच्या हाती आला. त्यात त्यांनी गवताची पाती सरकवून पाहिली. जे पाते टोकाला लवचीक व बुडाशी ताठ होते, ते वेढ्यांतून अलगद आत गेले! गोव्याच्या किनाऱ्यावर शंख वेचणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रयोग सहज करून पाहता येईल.

परंतु कल्पना सुचली म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे नव्हे. शरीरातील खारट द्रव साध्या धातूंना झिजवितो. म्हणून विद्युदग्रे प्लॅटिनमची व त्यांचे आवरण मऊ सिलिकोनचे करावे लागले. पुढे यंत्राला टायटॅनियमची हवाबंद डबी मिळाली. हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या यंत्रांच्या बांधणीतील अनुभव या कामी आला. 1 ऑगस्ट 1978 रोजी मेलबर्न येथे क्लार्क यांनी आपली पहिली रोपण-शस्त्रक्रिया केली. त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये इंगेबोर्ग व एर्विन होखमायर हे दांपत्यही या दिशेने झटत होते. पुढे ब्लेक विल्सन या अमेरिकन संशोधकाने विद्युत्-स्पंद एकाच वेळी न देता पाळीपाळीने देण्याची युक्ती योजिली. त्यामुळे प्रवाहांची सरमिसळ टळून शब्द अधिक स्पष्ट झाले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर व विल्सन यांना 2013 साली लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले.

तथापि, यंत्र केवळ संदेश पोहोचविते. त्याचा अर्थ लावतो मेंदू. प्रारंभी अनेकांना माणसांचे बोल यांत्रिक भासतात. सरावाने ते ओळखीचे होतात. जन्मतः बहिऱ्या बालकाचा मेंदू पहिल्या काही वर्षांत ध्वनी शिकण्यास विशेष तत्पर असतो. तो काळ निसटला, तर उत्तम यंत्रही अपुरे पडते. म्हणून नवजात बालकाच्या कानांची तपासणी टाळू नये. आपल्या देशात गरजू बालकांच्या कर्णरोपणासाठी केंद्र शासनाची साहाय्ययोजना आहे, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे. प्रत्येकाला रोपण लाभतेच असे नाही. हातांच्या खुणांची भाषा ही देखील परिपूर्ण भाषाच आहे, आणि तिचा आदर आपण राखला पाहिजे.

वैद्याची करुणा, कारागिराचे कौशल्य आणि मेंदूच्या अभ्यासकाची चिकाटी एकत्र आली, तेव्हा कुठे निःशब्द कानापर्यंत शब्द पोहोचला. तुमच्या दप्तरातील पुस्तके वेगळी असतील. पण त्यांतील ज्ञानाला एकमेकांपासून वेगळे ठेवू नका.