बलकाची सही



कोणत्याही इमारतीपाशी गेलो म्हणजे मी आधी कोनशिला वाचतो. तिच्यावर उद्घाटकाचे नाव असते, देणगीदाराचे असते, गवंड्याचे नसते. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाची ही खोड समजा. पण आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात हा हिशेब उलटा करणारी एक ओळ दगडात कोरलेली आहे.

राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. तेथील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. दर्शनी भागावर कमानी, कठडे आणि नाचणारी जोडपी कोरली आहेत. नीट पाहा: हे सारे सुतारकाम आहे! लाकडी कठड्यात आडव्या पट्ट्या उभ्या खांबांत बसवाव्या लागतात. अखंड कातळाला सांधा कसला? तरी तो कोरला आहे. आतले खांब किंचित आत कललेले, कारण लाकडी घरात छपराचा रेटा पेलण्यासाठी ते तसे ठेवीत. छताला तर खऱ्या लाकडाच्याच कमानी होत्या. लाकडावर शिकलेला हात दगडावर चालला, तो असा.

दर्शनी भागाच्या डाव्या बाजूस, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, ब्राह्मी अक्षरे आहेत. अर्थ एवढाच: कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. अंतेवासी म्हणजे गुरूपाशी राहून शिकणारा. दान देणारा सहसा ‘दान’ असा शब्द घालतो. येथे शब्द आहे ‘कतं’, म्हणजे केले. म्हणून बलकाला कारागीर मानतात. घाटापलीकडे कार्ल्याला वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने लेणे पुरे केल्याचा लेख आहे. पण श्रेष्ठीच्या हाती छिन्नी नव्हती.

इंग्लंडातही असे एक उदाहरण आहे. यॉर्कशायरमधील कर्कडेलच्या चर्चवर 1055 ते 1065 या काळातले दगडी सूर्यघड्याळ आहे. पडके चर्च ऑर्म नावाच्या धनिकाने विकत घेऊन नव्याने बांधविले, हे त्यावर विस्ताराने लिहिले आहे. पण घड्याळ घडविणाऱ्या हावर्धचे नावही, ब्रँड नावाच्या धर्मगुरूच्या नावासह, त्यावर आहे.

बलकाने मात्र धनिकाचे नाव घेतलेच नाही. आधी गुरूचे घेतले, मग स्वतःचे. काम शिकविणारा आणि करणारा, दोघांचीही नोंद झाली. याहून चोख हजेरीपट मी पाहिलेला नाही.

पावसाळ्यात कड्यावरचे पाणी या दर्शनी भागावरून कोसळते. दगड झिजतो आहे. कोंडाण्याला जाल तेव्हा ती ओळ शोधा. आणि गावात नवी शाळा, नवा पूल उभा राहील तेव्हा कोनशिलेवर एक ओळ जास्त मागा.