चंद्रावर ऊन मोजताना

वरळीच्या जुन्या बीडीडी चाळींची रचना ठरलेली: मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही अंगांना समोरासमोर खोल्या. मे महिन्याच्या दुपारी पश्चिमेकडच्या खोलीत भिंतही तापते. पॅसेज ओलांडून समोरच्या बिऱ्हाडात गेलं की तेवढं उकडत नाही. ऊन कोणत्या बाजूने लागतं, यावर सारं अवलंबून. चंद्रावर तर हा फरक आणखी टोकाचा असतो.

हा फरक चांद्रयान-३ने मोजला. या मोहिमेपुढे इस्रोने तीन उद्दिष्टं ठेवली होती: अलगद उतरणं, बग्गी चालवून दाखवणं आणि जागेवर प्रयोग करणं. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी ‘विक्रम’ हा लँडर चंद्रावर उतरला, पाठोपाठ २६ किलोची ‘प्रज्ञान’ ही बग्गी सुमारे १०० मीटर फिरली. टाळ्या पडल्या त्या या दोन गोष्टींना. तिसरं उद्दिष्ट त्या मानाने गाजलं नाही.

विक्रमवरच्या ‘चास्टे’ या उपकरणाने १० तापमापक बसवलेली सळई मातीत खुपसली. पहिल्याच नोंदींत पृष्ठभाग पन्नाशीत, तर जेमतेम ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंशांच्या आसपास! चंद्राची माती भुसभुशीत आणि कणांमध्ये हवा नाही, त्यामुळे वरची उष्णता खाली फारशी झिरपत नाही. पुढे पृष्ठभागाचं तापमान ८२ अंशांपर्यंत चढलं. सळई टोचलेली जागा सूर्याकडे ६ अंशांनी कललेली होती. मीटरभर पलीकडच्या सपाट जमिनीवर ५९ अंशच भरले.

एवढ्याशा उताराने २३ अंशांचा फरक पडत असेल, तर सूर्याकडे पाठ फिरवून ध्रुवाकडे तोंड करून असलेले उतार किती थंड असतील? अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये हिशेब मांडला: ध्रुवांकडच्या प्रदेशात असा उतार १४ अंशांहून जास्त असेल, तर तिथे पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर बर्फ टिकू शकतो.

बर्फ म्हणजे पिण्याचं पाणी, श्वासासाठी ऑक्सिजन आणि रॉकेटला लागणारा हायड्रोजन. म्हणूनच जपानच्या साथीने जाणारं चांद्रयान-५ दक्षिण ध्रुवाजवळ जमीन पोखरून बर्फ शोधणार आहे. चांद्रयान-४ चंद्राची माती पृथ्वीवर आणणार आहे. चंद्रावर माणसाने मुक्काम करायचा असेल, तर आधी जागा पारखून घेतलेली बरी. आणि ते काम उपग्रहाच्या फोटोंवर भागत नाही, मातीत सळई खुपसावीच लागते.