अठरा रुपये किलोमीटर म्हणजे नेमके किती?



सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी झाली की आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा तुळजापूर करायचं का? वर्षभर शेत, गुरं, चूल आणि लेकरं सांभाळणाऱ्या बाईनं दोन दिवस बाहेर पडावं, यात वावगं काहीच नाही. दिवस ठरतो, कुणाचा तरी भाचा गाडीवाल्याला फोन लावतो आणि उत्तर येतं, "मावशी, अठरा रुपये किलोमीटर." सगळ्या माना डोलावतात. गाडी ठरली!

आज आम्ही त्या अठरा रुपयांबद्दल बोलणार आहोत. अठरा रुपये हा किलोमीटरचा भाव झाला, सहलीचा खर्च तो नव्हे. खर्च कळायला त्यात आणखी चार-पाच गोष्टी मिळवाव्या लागतात. त्या घरी बसून, इसार देण्याआधी मिळवता येतात. वही-पेन घेऊन बसा. आम्ही सांगतो ते आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्याकडचा भाव वेगळा असेल, पण रीत हीच.

समजा आपण बारा जणी आहोत. गाव भोकरदनच्या बाजूला, जालन्यापासून ३० किलोमीटरवर. बारा जणींना पुरेल अशी क्रूझर जालन्याहून ठरवली. जालना, बीड, तुळजापूर, सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि परत जालना असा फेरा साधारण ७०० किलोमीटर धरू. ७०० गुणिले १८ म्हणजे १२,६०० रुपये. बारा जणींत वाटले तर प्रत्येकी १,०५०. बहुतेक गट इथंच थांबतात आणि हाच आकडा घरी सांगतात.

आता पुढचा हिशेब करू.

पहिली गोष्ट, मीटर कुठून सुरू होतो? गाडीवाले म्हणतात 'गॅरेज ते गॅरेज'. म्हणजे गाडी जिथं उभी असते तिथून निघाली की किलोमीटर मोजायला सुरुवात, आणि तिथं परत पोचली की शेवट. जालन्याहून गाडी आपल्या गावात येणार ३०, आपल्याला घेऊन जालन्याकडे जाणार ३०. परत येतानाही तसेच ६०. झाले १२० जादा. मुक्कामाच्या गावात इकडंतिकडं फिरण्याचे ३० धरा. म्हणजे ७०० नव्हे, ८५०.

दुसरी गोष्ट, रोजचं किमान रनिंग. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले रोजचे किमान ३०० किलोमीटर धरतात. गाडी तेवढी पळो न पळो, पैसे ३०० चे. यात गाडीवाल्याची लबाडी नाही. गाडी देवळाबाहेर उभी असली तरी तिचा बँकेचा हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा पगार चालूच असतो. पण ही अट आपल्याला आधी माहीत हवी. तीन दिवसांचे झाले ९०० किलोमीटर. आपलं प्रत्यक्ष रनिंग ८५० झालं, तरी बिल ९०० चं. ९०० गुणिले १८ म्हणजे १६,२०० रुपये.

तिसरी गोष्ट, दिवस कसा मोजतात? बरेच जण रात्री बारा ते रात्री बारा असा दिवस धरतात. शुक्रवारी रात्री नऊला निघालात, तर त्या तीन तासांचाही पूर्ण दिवस लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस झाले. मग पैसे तीन दिवसांचे देणारच असाल, तर शुक्रवारी पहाटेच का निघू नये? गाडीचं बिल तेवढंच राहतं. एक मुक्काम वाढेल, एका दिवसाची मजुरी बुडेल, ते हिशेबात धरा. पण ड्रायव्हरला रात्रीची झोप मिळेल आणि आपल्यालाही गाडीत मान वाकडी करून रात्र काढावी लागणार नाही.

उलट काही जणी म्हणतील, शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत येऊ, दोनच दिवसांत उरकू. तेव्हा बिल ८५० किलोमीटरचं येईल आणि सगळं धरून हजार-दीड हजार वाचतील. पण दोन दिवसांत ८५० किलोमीटर, तीन देवळांच्या रांगा आणि ड्रायव्हर एकच. हे पैसे वाचवू नका, असंच आम्ही सांगू.

चौथी गोष्ट, ड्रायव्हरचा भत्ता. जेवण आणि मुक्कामासाठी तो वेगळा द्यावा लागतो. रोजचे ५०० धरले तर १,५००. काही जण रात्रीच्या ड्रायव्हिंगचे वेगळे घेतात, तेही विचारा. पाचवी, टोल आणि पार्किंग. त्याचे १,२०० धरू. टोल फास्टॅगमधून मालकाच्या खात्यातून कापला जातो, म्हणून हातात पावती येत नाही. मालकाच्या मोबाइलवर आलेले मेसेज दाखवायला सांगा, तीच पावती.

आता बेरीज करा. १६,२०० अधिक १,५०० अधिक १,२०० म्हणजे १८,९००. बारा जणींत प्रत्येकी १,५७५. आपण घरी सांगितलं होतं १,०५०. खर्च बरोबर दीडपट झाला, आणि अजून आपण चहासुद्धा प्यालेलो नाही.

फरक ५२५ रुपयांचा. खुरपणीचा रोज ३०० धरला तर पावणेदोन दिवसांची मजुरी. जिच्या घरी दोन पगार आहेत तिला तो जाणवणार नाही. पण आपल्या गटात एकटीनं घर चालवणाऱ्याही असतात. परतल्यावर रात्री अकराला वेशीवर गाडी थांबते आणि तिथं हिशेब निघतो. कुणी पदराची गाठ सोडते, कुणी खाली मान घालून उभी राहते. मग गटाच्या रकमेतून तात्पुरते भरू म्हणतात, आणि पुढच्या बैठकीत त्यावरून तोंडं फिरतात. मोडतो तो गटातला विश्वास. म्हणून हा हिशेब आधी.

आणखी एक. ऐन वेळी दोघी गळाल्या तर १८,९०० दहा जणींत वाटावे लागतात. प्रत्येकीला १,८९०. गाडीचं भाडं माणसांवर ठरत नाही, गाडीवर ठरतं. म्हणून नाव देतानाच प्रत्येकीनं ठरलेली रक्कम जमा करावी, आणि ऐन वेळी नाही आलं तर किती परत मिळेल तेही ठरवावं.

गाडी ठरवायच्या आणखी दोन पद्धती आहेत. एक, 'डिझेल तुमचं'. यात गाडीचं रोजचं भाडं ठरतं आणि डिझेल आपण भरायचं. या पद्धतीत निघताना पंपावर टाकी फुल्ल करून घ्या, परतल्यावर पुन्हा फुल्ल करा आणि मधल्या सगळ्या पावत्या जपा. किती डिझेल लागलं ते पावत्याच सांगतात, ॲव्हरेजवरून वाद होत नाही. दुसरी पद्धत उक्त्याची. सगळं मिळून अमुक रुपये. ऐकायला सोपी, पण उक्त्यात टोल, पार्किंग आणि भत्ता धरलाय का ते विचारा. ठिकाणांची नावंही लिहून घ्या. "जाता जाता येरमाळ्याच्या येडेश्वरीला थांबू" हे वाटेवरचं आहे, चालून जाईल. पण अक्कलकोटला पोचल्यावर "आता गाणगापूर कितीसं लांब?" असं कुणी म्हटलं, तर लक्षात ठेवा, गाणगापूर कर्नाटकात आहे. किलोमीटर वाढतात, आणि गाडीला ऑल इंडिया परमिट नसेल तर दुसऱ्या राज्याचा करही भरावा लागतो. शिर्डीला जायचं तर समृद्धी महामार्गानं की जुन्या रस्त्यानं, हेही आधी ठरवा. समृद्धीवर वेळ वाचतो, पण टोल किलोमीटरप्रमाणे लागतो.

आता एक गोष्ट पैशापलीकडची. गाडीची नंबर प्लेट पाहा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे घरगुती गाडी. पांढऱ्या पाटीवाला दोन-तीन रुपये कमी सांगतो, कारण परवान्याचा आणि भाड्याच्या गाडीच्या विम्याचा खर्च त्यानं केलेला नसतो. घरगुती गाडी भाड्यानं चालवणं कायद्यात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी त्याच कारणावरून भरपाई नाकारू शकते. वाचलेले दोन रुपये तेव्हा कुणाच्या कामी येतील?

जुलै २०२४ मध्ये पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप आपल्याच जिल्ह्यात, राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ विहिरीत कोसळली. सात जण गेले. पांडुरंगाचं दर्शन घेऊन, घर हाकेवर आलेलं असताना. ही आठवण भीती घालायला काढलेली नाही. देवाला जाताना आपण पैशाचा विचार करतो, तेवढाच सुखरूप परतण्याचा करावा, म्हणून काढली. गाडीच्या आरसी बुकावर जितकी आसनं लिहिली आहेत तितक्याच जणी बसा. "लेकरू मांडीवर घेते" म्हणून बाराच्या पंधरा करू नका. गाडीचा नंबर टाकून विमा आणि फिटनेस एम-परिवहन या मोबाइल ॲपवर पाहता येतो. गटातल्या कुणाच्याही लेकीला हे पाच मिनिटांत जमेल.

आणि गाडी ठरवण्याआधी एसटीचा हिशेब करून पाहा. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत आपल्याला एसटीचं अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. एसटीत बदलाबदली करावी लागते, वेळ जातो, हे खरं. पण तुळजापूरसारखं एकच ठिकाण असेल तर तीच स्वस्त पडते. आषाढीला गावातले ४० किंवा जास्त प्रवासी एकत्र असतील, तर गावातूनच पंढरपूरची बस देण्याची सोय महामंडळानं अलीकडे केली आहे. आगारात जाऊन चौकशी करा.

पैसे कुठून आणायचे? बँकेचं कर्ज आणि समुदाय गुंतवणूक निधी धंद्यासाठी आहे, त्याला सहलीसाठी हात लावू नका. नेहमीच्या बचतीला धक्का न लावता सहलीची वेगळी डबी करा. महिन्याला १५० टाकले तर वर्षाला १,८०० होतात. गाडीचे १,५७५ गेले तरी प्रसादाला आणि चहाला उरतात.

शेवटी, फोनवर विचारायचे प्रश्न लिहून घ्या. किलोमीटर कुठून मोजणार? रोजचं किमान रनिंग किती? दिवस कसा धरता? भत्ता, टोल आणि पार्किंग कुणाकडे? पाटी पिवळी आहे का? आणि सहावा, सगळ्यात महत्त्वाचा : "दादा, हे सगळं धरून शेवटचा आकडा किती?" दोन-तीन गाडीवाल्यांना हेच विचारा आणि शेवटचे आकडे शेजारी शेजारी मांडा. अठरावाला महाग आणि वीसवाला स्वस्त निघू शकतो. ज्याचा भाव पटेल त्याच्याकडून सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, इसाराची पावती घ्या आणि ठरलेलं गटाच्या इतिवृत्तात नोंदवा. निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो काढा.

गाडीवालाही आपल्यातलाच असतो. चोख व्यवहार त्यालाही आवडतो, आणि अशा गटाचा फोन तो पुढच्या वर्षी आनंदानं उचलतो.

सुखरूप जा, सुखरूप या. आईसाहेबांना आमचाही नमस्कार सांगा.